वाटीखालची की मांडीमागची

स्टोरवीक या समुद्रकाठच्या गावातल्या हँडबॉल हॉलात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘म्हाताऱ्या पोरी’ जमायच्या. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं; दुसऱ्या कुणी दिलं असतं तर त्याची खैर नव्हती. चाळिशीच्या आसपासच्या नऊ-दहा बायका, एके काळी क्लबच्या पहिल्या संघात खेळलेल्या. तासभर खेळायचं, त्यातला निम्मा वेळ हसण्यात घालवायचा, आणि मग कॅन्टीनच्या खिडकीशी बसून गरम वॅफलवर तपकिरी चीजचे काप ठेवून खायचे, असा कार्यक्रम. हेगे खेळायला कधी उतरायची नाही. ती वॅफल भाजायची. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायची, “साचा तुमच्या हाती दिला तर कोळसे खाल.” एवढ्यावर विषय मिटायचा.

मार्चमधल्या रविवारी ती लेकीला घेऊन आली. सुन्निवा एकोणीस वर्षांची, डाव्या कोपऱ्यातून खेळणारी, तिच्या आईच्याच जागेवर आणि आईच्याच नंबराच्या जर्सीत. चार आठवड्यांपूर्वी भर सामन्यात पाय रोवून वळताना तिचा गुडघा आतून ‘टक्’ करून बोलला होता. तो आवाज हेगेला वरच्या बाकांवर, ढोल आणि आरडाओरड्यातही, ऐकू आला. निदान तिला तसं वाटलं. लिगामेंट तुटलं होतं.

कुबड्या टेकत पोरगी आत आली तसा म्हाताऱ्या पोरींनी गलका केला.

“आली गं, आली! आमच्यातली झाली!” वेन्के ओरडली. वेन्के पूर्वी गोलकीपर होती, आणि गोल अडवायचं सोडून वीस वर्षं झाली तरी आवाज तसाच होता. तिनं पाय उचलून बाकावर ठेवला आणि पँट गुडघ्याच्या वर ओढली. वाटीच्या मधोमध खाली उतरणारा लांब, पांढुरका व्रण. क्लबात त्याला ‘चेन’ म्हणत. “बघ. अस्सल माल. दाखवा गं तिला, लाजताय काय!”

आणखी दोघींनी पाय वर ठेवले. हेगेलाही बोलावणं झालं. तिनं हाताला लागलेलं पीठ पुसलं, बाहेर आली आणि आपला उजवा गुडघा त्या रांगेत लावला. चार चेनी आणि मधोमध सुन्निवाचा सुजलेला, बिनटाक्यांचा गुडघा. कुणीतरी फोटो काढला. ज्या वर्षी क्लब सर्वांत वरच्या गटात पोचला त्या वर्षीच्या संघातल्या या चौघी, आणि क्लबातली प्रत्येक पोरगी त्यांच्या चेनी बघतच मोठी झालेली.

“मंगळवारी डॉक्टरांना सांगायचंय,” सुन्निवा म्हणाली. “कुठली घ्यायची ते.”

फाटलेलं लिगामेंट शिवता येत नाही, नवीन करावं लागतं, आणि ते आपल्याच अंगातून काढायचं असतं. एक तर गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड दोरीतली मधली पट्टी घ्यायची, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून. नाहीतर मांडीच्या मागच्या स्नायूंच्या बारीक दोऱ्या काढून दुमडायच्या. डॉक्टरीणबाईंनी दोन्हींचं बरं-वाईट सांगून विचार करायला आठवडा दिला होता.

“यात ठरवायचं काय?” कोपऱ्यातून ओडवार म्हणाला. ओडवार त्या वर्षीचा त्यांचा प्रशिक्षक, आता अठ्ठ्याहत्तरचा, घरात थांबवत नाही म्हणून दर रविवारी कॉफी प्यायला येणारा. “वाटीखालची. हाडाला हाड धरतं, आणि विषय संपला. मांडीमागची घेणाऱ्या पुढे काय करतात माहितीय? जॉगिंग!”

सगळ्या खो-खो हसल्या. जॉगिंग हा शब्द त्या हॉलात शिवीसारखाच वापरला जायचा.

“तूच सांग की तुझ्या लेकीला,” ओडवार हेगेकडे वळला. “एकवीस वर्षं झाली. कधी काही त्रास?”

हेगे परत साच्याशी पोचली होती. पळीभर पीठ ओतून तिनं झाकण लावलं. वाफ चेहऱ्यावर आली.

“काही नाही,” ती म्हणाली.

सुन्निवानं तिच्याकडे असं काही बघितलं की हेगेनं झाकण पुन्हा एकदा दाबलं, दाबायची गरज नसताना. पोरीच्या चेहऱ्यावर नुसता अभिमान होता.

भांडी घासायला वेन्के मागे थांबली. हेगेनं नळ जोरात सोडला आणि हळूच विचारलं, “वेन्के, तुला गुडघ्यावर बसता येतं?”

“मला?” वेन्के हसली. “वेडी का काय तू? माझ्या पलंगाखाली काय काय आहे ते देवालाच ठाऊक. शहाण्णवनंतर मी तिथं वाकून पाहिलेलं नाही.”

“मग मघाशी बोलली का नाहीस?”

“तू बोललीस?” वेन्के म्हणाली, आणि हातातली बशी जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

असं होतं ते. कुणी कुणाला शपथ घातली नव्हती. पण आपलं दुखणं चारचौघांत सांगत बसणं या किनाऱ्यावर कुणाला जमत नाही. वादळात छप्पर उडालं तरी लोक ‘जरा वारा होता’ म्हणतात. त्यात या पडल्या खेळाडू. चेन दाखवायची, आणि चेनीखाली काय आहे त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. वीस वर्षं हे चाललं होतं, आणि लहान पोरींना वाटत होतं की वाटीखालची घेतली की माणूस नवाकोरा होऊन येतो.

घरी जाताना हेगे गाडी चालवत होती आणि मनानं मात्र चौऱ्याण्णव सालात होती.

काय दिवस होते ते! जुना हॉल पत्र्याचा, आत इतकी थंडी की बदलीच्या पोरी बाकावर दोघींत एक ब्लँकेट घेऊन बसायच्या. बोटांना राळ फासलेली, चेंडू हाताला चिकटावा म्हणून. ती राळ केसांना लागायची, दाराच्या मुठींना लागायची, सामन्यानंतर कॅन्टीनमधलं मार्गरीन चोळून काढावी लागायची, आणि मग परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या हातांना पावाचा वास. बस ओडवारच चालवायचा, कारण ड्रायव्हर क्लबाला परवडत नव्हता. सामना हरला तर तो चाळीस किलोमीटर गप्प राहायचा. जिंकला तर फेरीबोटीवर सगळ्यांना सॉसेज. राळ पाइनचीच, म्हणून हेगेला आजही पाइनच्या लाकडाचा वास आला की सामना सुरू व्हायला पाचच मिनिटं उरलीत असं वाटतं.

ती तेव्हा वीस वर्षांची होती. कोपऱ्यातून उडी मारायची, हवेत लांबून जायची आणि चेंडू गोलकीपरच्या कानाजवळून सोडायची. हवेतला तो एक क्षण तिला पुढे आयुष्यात कशातच मिळाला नाही. हे ती कुणाला सांगत नसे. नवऱ्याला तर नाहीच. तो बिचारा समुद्रातल्या तेलविहिरीवर दोन-दोन आठवडे राबत असे, त्याला कशाला दुखवा.

पुढच्या वर्षी गुडघा गेला तेव्हा ओडवार तिच्यासोबत हॉस्पिटलात आला होता. तिच्या आईवडिलांच्या आधी. सर्जनसाहेबांनी दोन पर्याय सांगायला सुरुवात केली तशी ओडवारनं हेगेकडे पाहिलं, हेगेनं ओडवारकडे, आणि दोघं एकदमच म्हणाले, “वाटीखालची.” सर्जन हसले होते. किती अभिमान वाटला होता तिला त्या दिवशी!

नऊ महिन्यांनी ती परतली. शहाण्णवच्या एप्रिलात वरच्या गटात नेणारा सामना झाला. शेवटच्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यातून तिनं जो गोल मारला त्याच्याबद्दल स्टोरवीकच्या दुकानात अजून कुणी ना कुणी बोलतं. त्या संध्याकाळी अख्खं गाव धक्क्यावर आलं होतं. बोटीच्या भोंग्यांनी कान बधिर झाले. बापाच्या डोळ्यांत पाणी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि शेवटचंही.

जे दुकानात कुणी बोलत नाही ते असं: तो गोल मारून ती खाली आली ती उजव्या गुडघ्यावर. कोपऱ्यातून उडी मारणारीला पडावंच लागतं. आणि त्या वर्षी प्रत्येक पडण्याला वाटीत कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ मस्तकात जायची. सामन्याआधी ती गोळ्या घ्यायची, दोनच्या चार झाल्या. सगळ्यांना हे होत नाही, तिला झालं. मे महिन्यात तिनं मनाशी ठरवून टाकलं की आता बस. ऑगस्टमध्ये दिवस गेल्याचं कळलं. मग सोपं झालं. सगळे म्हणाले, बाळासाठी सोडलं पोरीनं, आणि हेगेनं कुणाला दुरुस्त केलं नाही. पुढे लेक मोठी होत गेली तशी ती गमतीत म्हणायचीसुद्धा, “तू आलीस म्हणून, नाहीतर मी देशाकडून खेळले असते.”

गंमतच होती. पण आठ वर्षांच्या पोरीनं ऐकली तर ती गंमत राहत नाही. सुन्निवानं नवव्या वर्षी चेंडू हातात घेतला आणि सांगितलं, मी डाव्या कोपऱ्यात खेळणार.

सोमवारी हेगे नेहमीप्रमाणे बालवाडीत गेली. एकवीस पोरं आणि बेचाळीस बूट. बालवाडीतल्या बायका दिवसाचा निम्मा वेळ जमिनीवर असतात, पोरांना बर्फातल्या कपड्यांत कोंबत आणि परत बाहेर काढत. हेगेजवळ चाकांचं बुटकं स्टूल होतं. त्यावर बसून ती एका पोराकडून दुसऱ्याकडे सरकत जायची. नवीन आलेली कुणी सहकारीण पहिले काही दिवस त्या स्टुलाकडे बघून ओठ मुडपायची, बाईसाहेबांना खाली बसायला नको. हेगे तेही सोसायची.

हात धुवायच्या खोलीत मात्र त्या दिवशी ती बराच वेळ उभी राहिली. त्या खोलीची फरशी गेल्या शरद ऋतूत नवीन बसवली होती, आणि बसवणारी होती सुन्निवा. शाळा संपल्यावर ती योस्टाइन मिस्त्रीकडे काम शिकायला लागली होती. दोन वर्षं उमेदवारी, मग परीक्षा, मग स्वतःचं प्रमाणपत्र. बालवाडीतलं काम चाललं त्या तीन आठवड्यांत हेगे येता-जाता दारातून बघायची. पोरगी सकाळी साडेसातपासून गुडघ्यांवर. पट्टी लावायची, टाइल ठेवायची, रबरी हातोडीनं हलकेच ठोकायची, डोळा बारीक करून बघायची, आणि शीळ घालायची. घरात कधी शीळ न घालणारी पोरगी. योस्टाइननं हेगेला बाहेर गाठून सांगितलं होतं, “हिच्या हाताला डोळे आहेत. मी सोडणार नाही हिला.”

त्या फरशीकडे बघून हेगेनं स्वतःशी हिशेब मांडला. उद्या मंगळवार. उद्या ही पोरगी माझ्या एका ‘काही नाही’वर आपला गुडघा लिहून देणार, आणि तिची ही शीळ जन्माची बंद होऊ शकते.

संध्याकाळी तिनं विषय काढला. म्हणजे काढायचा प्रयत्न केला. सुन्निवा सोफ्यावर पायावर बर्फ ठेवून बसली होती, पुढ्यात फिश केकची ताटली.

“सुन्निवा, उद्याचं ते... तू मांडीमागचीचा विचार केलास का गं?”

“काय?” पोरीनं खाणं थांबवलं. “आई, तू? तुला काय झालंय?”

“नाही, म्हणजे तुझं काम आहे. फरशीचं. डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, गुडघ्यावर बसायला...”

“त्या म्हणाल्या काही जणींना दुखतं. तुला दुखतं का?”

आता. आता बोल, हेगेनं स्वतःला बजावलं. “तसं... थंडीत थोडं.”

“थंडीत सगळ्यांचंच सगळं दुखतं! डॉक्टरच म्हणाल्या, मांडीमागची आमच्या वयाच्या पोरींची जास्त वेळा परत तुटते. मला पुन्हा हे नकोय.” तिनं बर्फाची पिशवी उलटी केली. मग आवाज उतरला. “आणि हे बघ, तू माझ्यासाठी सोडलंस. परतल्यावर एकाच मोसमात. मी अर्ध्यावर सोडलं तर मग तुझं ते फुकटच गेलं की नाही?”

हेगे उठून स्वयंपाकघरात गेली. बटाटे होते, ते सोलायला घेतले. दोघींना पुरून उरतील इतके सोलले. रागच आला होता तिला, पण तो पोरीचा नव्हता.

मंगळवारी फेरीबोटीनं पलीकडे जाऊन दोघी हॉस्पिटलात पोचल्या. डॉक्टर रान्वाइग पस्तिशीच्या, केस आखूड, स्वतः कधीतरी खेळलेल्या असाव्यात अशा चालीच्या. टेबलावर प्लास्टिकचा गुडघा होता, दोऱ्या रंगीत. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगितलं, घाई न करता.

“तर,” त्या सुन्निवाला म्हणाल्या, “वाटीखालची घेतलीस तर परत फाटायची भीती कमी. पण पुढून टोचणं, गुडघ्यावर टेकताना दुखणं, हे काही जणींच्या मागे जन्मभर लागतं. कुणाच्या लागेल ते मला आधी सांगता येत नाही. मांडीमागची घेतलीस तर टेकायला सोपं, पण वळण्या-उड्यांच्या खेळात धोका थोडा जास्त. तुझी मांडीही मागून जरा कमजोर राहील. दोन्ही चांगल्या आहेत. प्रश्न हा आहे की तुला गुडघा कशाला हवाय.”

“वाटीखालची,” सुन्निवा म्हणाली.

“ठरलं?”

“आईला तीच आहे. तिला काही त्रास नाही.”

डॉक्टरीणबाई हेगेकडे वळल्या. “हो का? तुम्हाला नीट टेकता येतं गुडघ्यावर?”

हेगेनं पर्स खुर्चीवर ठेवली. बोलायला गेली तर पुन्हा ‘थंडीत थोडं’ निघेल, याची तिला खात्री होती. स्वतःला ती चांगली ओळखून होती. म्हणून ती बोललीच नाही. टेबलाची कड धरली, डावा गुडघा आधी टेकवला, मग उजवा, आणि अंगाचा सगळा भार त्यावर सोडला.

वीस वर्षांत पहिल्यांदा. कळ आली ती ओळखीचीच होती, जराही म्हातारी झालेली नव्हती. डोळ्यांपुढे अंधारी आली, वरच्या ओठावर घाम आला.

“आई?” सुन्निवा म्हणाली. “आई, काय करतेस? ऊठ.”

“थांब.”

“आई, तू पांढरी पडलीयस! ऊठ ना!”

“तू दिवसाचे सात तास बसतेस अशी,” हेगे दातांवर दात ठेवून म्हणाली. “मी एक मिनिट बसते. मोज.”

कुणी मोजलं नाही. डॉक्टर रान्वाइग अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या, शहाणी बाई होती. हेगे खालूनच बोलली, कारण वर उठली असती तर धीर गेला असता.

“मला कधीच टेकता आलं नाही. वेन्केलाही येत नाही. बाकीच्या दोघींना मी विचारलेलं नाही, पण त्यांच्या घरी मी त्यांना कधी खाली बसलेलं पाहिलं नाही. आम्ही सगळ्या खोटारड्या आहोत. आणि मी तुझ्यासाठी काही सोडलं नाही, सुन्निवा. पडताना दुखायचं म्हणून मे महिन्यातच सोडलं होतं. तेव्हा तू नव्हतीसही. तू माझं काही देणं लागत नाहीस.”

सुन्निवानं जे विचारलं त्याची हेगेनं तयारी केली नव्हती.

“परत निवडायचं झालं तर? तू कुठली घेशील?”

खोटं बोलणं इथं किती सोपं होतं, आणि उपयोगी. पण एवढं खाली बसून आता कशाला.

“वाटीखालची,” हेगे म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “त्या एका एप्रिलसाठी मी आजसुद्धा तीच देईन. म्हणूनच सांगायला तोंड नव्हतं गं. माझा तो एकच मोसम होता, आणि तो इतका चांगला होता.”

सुन्निवानं कुबड्या बाजूला ठेवल्या, चांगल्या पायावर तोल सांभाळत आईच्या काखेत हात घातला आणि तिला वर ओढलं. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या बाजूनं धरलं. खुर्चीत बसल्यावर हेगेनं नाक पुसलं. पोरीनं टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा उचलून वाकवून पाहिला.

“मला हँडबॉल आवडतो,” ती शेवटी म्हणाली. “खरंच आवडतो. पण शुक्रवारी सामना असला की मी सोमवारच्या कामाची वाट बघते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.” तिनं प्लास्टिकचा गुडघा परत टेबलावर ठेवला. “मांडीमागची.”

“हँडबॉलमध्ये परत फाटायचा धोका आहे, हे पुन्हा सांगते,” डॉक्टर रान्वाइग म्हणाल्या.

“कळलं मला. फाटली तर तेव्हा बघू. मांडीमागची लिहा.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, तारीख दिली, मे महिन्यातली. हेगे हाच शब्द ऐकायला आली होती. कालपासून तिचा जीव याच्यासाठी टांगणीला लागला होता. आणि तो ऐकल्यावर तिला मोकळं वाटलं, पण त्याच्याच शेजारी एक दुःखही येऊन बसलं, की डाव्या कोपऱ्यातून हवेत जाणारी ती उडी आता कदाचित स्टोरवीकला पुन्हा बघायला मिळणार नाही. दोन्ही खरं होतं. तिनं कोट घातला.

परतीच्या फेरीबोटीवर दोघी गाडीतच बसून राहिल्या. सुन्निवाला जिने चढवत नव्हते. काचेवर खारे शिंतोडे येत होते, वायपर ते पुसत होता. पुढच्या गाडीतला माणूस झोपला होता.

“ओडवार बोलणार,” हेगे म्हणाली.

“बोलू दे. त्याला म्हणावं, मी जॉगिंग करणार आहे.”

हेगे हसली. अर्धं अंतर काटलं असेल, पलीकडचा धक्का दिसायला लागला होता, तेव्हा सुन्निवा एकदम म्हणाली, “म्हणून लेगो टेबलावर असायचे.”

“काय?”

“माझे ठोकळे. बाकी सगळ्या मैत्रिणींकडे ते जमिनीवर असायचे. त्यांच्या आया खाली बसून खेळायच्या, गालिच्यावर. आपल्याकडे नेहमी जेवायच्या टेबलावर. जेवायच्या वेळी सगळं मोडून ठेवायला लागायचं. आणि मी खाली बोलावलं की तू म्हणायचीस, काम आहे.” ती समोर बघत होती, आईकडे नाही. “मला वाटायचं, तुला माझ्याशी खेळायला आवडत नाही.”

हेगेनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, इंजिन बंद असताना.

“मला फार आवडायचं,” ती म्हणाली.

धक्क्यावरचा माणूस हात करून गाड्या सोडायला लागला. मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी ती गाडी सुरू करायला विसरून तशीच बसून राहिली, आणि सुन्निवानं स्टिअरिंगवरच्या तिच्या हातावर हात ठेवला.